आबा, कड्यावर आम्ही होतो

आबा, तुमच्या बरगड्या माझ्या हातांखाली मोडल्या. एक तर पहिल्याच दाबाला गेली. फोनवरची ९११ची बाई सांगत होती, आणखी जोरात, आणखी खोल. मी ओरडून म्हटलं, मोडतंय, आतमध्ये काहीतरी मोडतंय. मी मराठीत ओरडतेय हे मला कळलंच नाही. तिला बहुतेक आवाजावरून समजलं, कारण ती म्हणाली, मोडू दे, थांबू नकोस. मग मी थांबले नाही. अॅम्ब्युलन्सच्या माणसांनी दंडाला धरून बाजूला ओढेपर्यंत मी तुमच्या छातीवर सगळा भार टाकत होते आणि तोंडाने तुम्हाला शिव्या घालत होते. उठा म्हणत होते, असं अर्धं बोलून जाऊ नका म्हणत होते. सई शाळेत होती, रणजित ऑफिसच्या कामाने शिकागोला. घरात आपण दोघंच होतो, आणि आदल्या संध्याकाळपासून आपण एकमेकांशी बोलत नव्हतो.

आता लोक घरी येतात, सोफ्यावर टेकतात आणि म्हणतात, आबा कसे शांतपणे गेले, पुण्यवान माणूस. मी मान डोलावते आणि चहा टाकायला उठते. शांतपणे म्हणे! तुमच्या ओठांना रक्त होतं, शर्टाची बटणं कात्रीने कापून फेकलेली होती, आणि माझ्या तळहातांना अजून त्या बरगड्या आठवतात. मला राग कुणाचा येतो ते नीट सांगता येत नाही. तुमचा येतो, हे मात्र नक्की.

आपण भांडायचो, यात नवल काही नव्हतं. सून उमरेडकडची बौद्ध, सासरा साताऱ्याचा मराठा, शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेला, गडकोटांचा वेडा. आमच्या लग्नाला तुम्ही आलात ते लांबच्या पाहुण्यासारखे. फोटोत सगळ्यांत ताठ मान तुमची आहे. मग आई गेल्या, तुम्ही इथे टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला, आमच्याकडे राहायला आलात, आणि पहिल्याच आठवड्यात माझा सावजी रस्सा खाऊन तुमच्या कानांतून धूर निघाला. तुम्ही घाम पुसत पुसत दुसऱ्यांदा वाढून घेतलंत आणि म्हणालात, "आगं, हे जेवण हाय का लढाई?" त्या दिवशी मी तुम्हाला पहिल्यांदा मनापासून हसले. त्यानंतर आपलं जमलं ते भांडणावरच जमलं. टीव्हीवरून, राजकारणावरून, सईला मराठी वाचायला बसवण्यावरून. मला राग आला की मी नागपुरीत घसरते, आणि तुम्ही मुद्दाम माझी नक्कल करायचात, "काहून ओरडून राहिली बाई?" म्हणून. त्यावर मी आणखी भडकायचे.

पण एक भांडण तसलं नव्हतं, आबा. ते आपण न्यू मेक्सिकोतल्या आकोमाच्या खडकावरून घरी घेऊन आलो, आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मला तुमच्याकडून एकच वाक्य हवं होतं. त्या दिवशी तुम्ही ज्यांच्या बाजूने ओरडलात, त्यांच्या बाजूने ओरडायला नको होतं, एवढं फक्त तुम्ही म्हणावं. तुम्ही ते म्हणाला असतात तर मीही तुम्हाला एक गोष्ट सांगणार होते. ती मी इतकी वर्षं तुमच्यापासून राखून ठेवली होती.

स्प्रिंग ब्रेकला न्यू मेक्सिकोला जायचं, ही टूम माझीच. अमॅरिलोजवळ गुरांच्या गोठ्यांचा वास गाडीत शिरला तेव्हा तुम्ही नाकाला रुमाल लावला, पण गोष्ट थांबवली नाहीत. मागच्या सीटवर सईला तुम्ही कड्याची गोष्ट सांगत होतात. तीच, तुमची आवडती. काळोख, सरळसोट कडा, घोरपड, दोर, आणि वर बेसावध झोपलेला शत्रू. सईला ती इतकी पाठ होती की तुम्ही मधेच थांबलात की पुढचं वाक्य ती म्हणायची. दोर कापल्याचं तर ती तुमच्याआधीच सांगून टाकायची, आणि तुम्ही खोटं खोटं रागवायचात. रणजित गाडी चालवत हसत होता. मलाही हसू येत होतं, हे मान्य करायला हवं.

मग तो खडक दिसला. चहूकडे सपाट वाळवंट आणि मधोमध तो, बाजू तासल्यासारख्या उभ्या आणि माथा सपाट. तुम्ही सीटबेल्ट ताणून पुढे वाकलात. "आगं, हा तर गड हाय! तटाची गरजच न्हाई. कडाच तट!" तुमचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. मलाही तो गडच वाटला. तुमच्यासोबत राहून माझेही डोळे तसे झाले असतील.

वर गाव आहे, दगडमातीच्या घरांचं, शेकडो वर्षांचं. गाईडशिवाय कुणाला फिरता येत नाही. आपली गाईड त्याच गावची होती, पन्नाशीची, डोक्यावर गवती टोपी, डेनिमचं जॅकेट, तुटक बोलणारी. बोलताना ती 'ते लोक' म्हणत नव्हती, 'आम्ही' म्हणत होती. तुम्हाला तिचं इंग्रजी अर्धंच कळत होतं, म्हणून मी शेजारी उभी राहून तुमच्यासाठी मराठी करत होते. ती म्हणाली, चारशे वर्षांपूर्वी मेक्सिकोतून स्पॅनिश आले, सोनं शोधत आणि बाप्तिस्मा देत. सगळी गावं आपल्या राजाची झाली असं त्यांनी आम्हाला न कळणाऱ्या भाषेत जाहीर केलं. भर थंडीत त्यांची एक तुकडी पीठ मागायला वर आली. थोडं दिलं तर त्यांना आणखी हवं होतं. भांडण पेटलं आणि आमच्या लोकांनी त्यातल्या बऱ्याच जणांना ठार केलं. त्यांत त्यांच्या गव्हर्नरचा पुतण्या होता. मग गव्हर्नरने पाद्र्यांकडून हे धर्मयुद्ध असल्याचं वदवून घेतलं आणि मेलेल्या पुतण्याच्या भावालाच सैन्य देऊन पाठवलं.

एवढं सगळं तुम्ही हातांची घडी घालून ऐकलंत. मग ती म्हणाली, समोरून त्यांनी हल्ल्याचा देखावा केला. सगळं गाव तिकडे धावलं. तेवढ्यात मूठभर शिपाई मागच्या कड्यावरून, जिकडून कुणी येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं तिकडून, वर चढले. मी ते मराठीत सांगितलं आणि तुम्ही मांडीवर थाप मारून ओरडलात, "शाब्बास रे पठ्ठ्यांनो!"

तुम्हाला कळलंही नाही. इतकं आपोआप आलं ते. आपल्याकडे कडा चढणारे नेहमी आपलेच असतात ना. तुमचे तरी असतात.

त्या बाईने माझ्याकडे पाहून विचारलं, काय म्हणाले ते? रणजितने माझा हात दाबला. काहीतरी थाप मारता आली असती, की ते म्हणाले फार वाईट झालं. पण माझं डोकं फिरलं होतं. मी जसंच्या तसं सांगितलं. ते चढणाऱ्यांना शाबासकी देताहेत, म्हटलं.  तिने टोपी सारखी केली. मग म्हणाली, त्यांना सांगा, त्या दिवशी खाली उभे असलेले शिपाईही असंच ओरडले असतील. आणि त्यांना म्हणावं, पुढचंही ऐका.

पुढचं मी तुम्हाला सांगितलं, आबा. एक शब्दही गाळला नाही. दया येऊन एखादा सौम्य शब्द वापरावा, तेही केलं नाही. त्यांनी तोफ वर ओढून घेतली. तिच्यात बारीक गोळ्या भरून या गल्ल्यांमध्ये डागली, जिथे आता आपण उभे आहोत तिथे, माणसांच्या गर्दीवर. घरांना आगी लावल्या. लोक जमिनीखालच्या पूजेच्या खोल्यांत लपले, तर आत धूर सोडला. शरण आलेल्यांना एकेक करून बाहेर काढलं, तलवारीने तोडलं आणि कड्यावरून खाली फेकून दिलं. काही आयांनी आपली पोरं त्यांच्या हाती लागू नयेत म्हणून स्वतःच्या हातांनी मारली. मेलेल्यांचा आकडा स्पॅनिश लोकांनीच लिहून ठेवलाय, ती म्हणाली, तो त्यांना लपवावासा वाटला नाही. जे उरले त्यांच्यावर खटला चालवला. वयात आलेल्या पोरींना आणि पोरांना वीस वर्षांची गुलामी. लहान मुली पाद्र्यांच्या हवाली केल्या, त्या दूर दक्षिणेला नेल्या आणि पुन्हा दिसल्या नाहीत. दोन पाहुणे दुसऱ्या गावाहून आले होते, त्यांचे उजवे हात छाटून त्यांना घरी पाठवलं, तिकडच्यांना कळावं म्हणून. आणि पंचविशीच्या वरच्या प्रत्येक पुरुषाचा एक पाय तोडला, चौकात, लोकांना उभं करून.

सई तुमच्या हाताला धरून होती. माझं तिच्याकडे लक्षच नव्हतं. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते.

"प्रत्येकाचा?" तुम्ही विचारलंत.

मी ते गाईडला विचारलं. ती म्हणाली, काही विद्वान म्हणतात पाय नव्हे, नुसती बोटं तोडली, कारण लंगडा गुलाम काम काय करणार. तिने खांदे उडवले. त्या विद्वानांना फार बरं वाटत असेल, असं काहीसं ती पुटपुटली.

 खाली जायची वेळ आली तेव्हा तुम्ही बसने जायला तयार होईनात. गावकरी पूर्वी ज्या वाटेने चढत-उतरत त्या खडकातल्या पायऱ्यांनी उतरायचं म्हणालात, या वयात, त्या गुडघ्यांनी. रणजित रागावला, पण तुम्ही ऐकणाऱ्यांतले कुठे! मी तुमच्या पुढे उतरत होते. दगडात हाताची बोटं अडकवायला खाचा आहेत, इतक्या जणांच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या. मधेच एका जागी तुम्ही थांबलात, बूट काढलेत, मोजेही काढलेत, आणि उघड्या पायाची बोटं त्या पायरीवर रोवलीत. धापा टाकत होतात. मग मला म्हणालात, "बोटं तोडली काय, पाय तोडला काय, एकच. बोटांशिवाय इथनं चढता येत न्हाई. घरी परत येऊ नयेत म्हणून तोडले गं."

मला वाटलं, झालं. आता तुम्ही म्हणणार. मी त्या खाचेत हात घालून वाट बघत उभी राहिले. तुम्ही बूट घातलेत आणि म्हणालात, चल, सईला ऊन लागंल.

गाडीत मी फुटले. सई इअरफोन लावून बसली होती, म्हणून बरं. मी म्हटलं, "आबा, तुम्ही शाबासकी कुणाला दिली ते कळून राहिलंय का तुम्हाला?" तुम्ही म्हणालात, चढाईला दिली, पाय तोडायला न्हाई दिली. मी म्हटलं, चढणारे आणि तोडणारे वेगळे होते का? त्याच हातांनी दोर धरला आणि त्याच हातांनी तलवार चालवली. तुम्ही म्हणालात, युद्धात असंच होतं, गड घेताना कुणी फुलं टाकत न्हाई. मी म्हटलं, तुम्हाला गड दिसला की तुम्ही कायम जिंकणाऱ्यांत असता, कधी वर झोपलेल्यांत का नसता? तेव्हा तुम्ही चिडलात. म्हणालात, "आगं, आमच्या गडांखाली पहाऱ्याची मेटं सांभाळणारी माणसं कोण होती? तुमचीच की! तुमच्या माणसांनी पण रक्त सांडलंय तिथं. ती गोष्ट तुझीपण हाय."

"माहितीय मला," मी म्हटलं. "खालीच होती. वर कधी घेतलंत?"

रणजितने रेडिओ मोठा केला. टेक्सासची हद्द येईपर्यंत तो तसाच वाजत होता.

त्या रेडिओच्या आवाजात मी तुम्हाला ती गोष्ट सांगणार होते. सांगितली नाही. आता सांगते, तुम्ही ऐकायला नाही म्हणून सोपं जातंय. आपल्या हॉलमध्ये माझ्या आजोबांचा फोटो आहे. तुम्ही एकदा विचारलं होतंत, हातात काठी दिसते, लंगडत होते का? मी म्हटलं, पडले होते. पडले नव्हते, आबा. धर्मांतरानंतर आमच्या वस्तीने गावची मेलेली गुरं ओढायचं बंद केलं. गावाने महिनाभर विहीर बंद केली, दळण बंद केलं. आजोबा तक्रार द्यायला पायी तालुक्याला निघाले. त्यांना शिवेवर गाठलं. काहींनी धरून आडवं पाडलं आणि एकाने कुऱ्हाडीच्या दांड्याने डाव्या पायाची नडगी फोडली, हाड बाहेर येईपर्यंत. लई चालायची हौस आहे ना, आता चाल, असं म्हणत होता म्हणे. माझे बाबा तेव्हा लहान होते आणि ज्वारीत लपून ते सगळं बघत होते. तो आवाज कसा येतो ते बाबांनी मला एकदाच सांगितलं. मला वाटायचं ते वाढवून सांगताहेत. तुमच्या बरगड्या मोडल्या तेव्हा कळलं, वाढवून सांगत नव्हते.

त्या माणसांची आडनावं तुमच्या आडनावासारखीच होती. म्हणून मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही म्हणाल, आगं, युद्धात असंच होतं, अशी भीती वाटायची. तुमच्या तोंडून ते ऐकलं असतं तर मी तुमच्यासोबत एका घरात राहू शकले नसते, आणि मला राहायचं होतं. तुम्ही मला आवडत होतात हो. तीच तर पंचाईत होती.

उन्हाळा तसाच गेला. आपण बोलायचो, जेवायचो, सईला पोहायला नेऊन सोडायचो. पण गडांवर तुम्ही माझ्यासमोर एक शब्द काढला नाहीत. दिवाळीला मात्र मागच्या अंगणात तुम्ही नेहमीसारखा किल्ला करायला घेतलात. दरवर्षी इथल्या मराठी मंडळातली पोरं आपल्याकडे किल्ला बघायला येतात, तुमची गोष्ट ऐकतात आणि माझी चकली खाऊन जातात. फ्रिस्कोची ती काळी चिकट माती, ओली असली की बुटाला धोंड्यासारखी चिकटते आणि वाळली की तिला भेगा पडतात. तुम्ही शिव्या देत देत तिच्यात वाळू मिसळलीत. यंदाचा किल्ला वेगळा दिसत होता. सुळका नाही, बुरूज नाही, नुसता उभा खडक आणि वर सपाट माथा. माथ्यावर खोक्यांची घरं. मी चहा घेऊन आले आणि टोमणा मारला, "मावळे विसरलात वाटतं? साताऱ्याहून आणलेले पेटीत आहेत." तुम्ही हात धूत म्हणालात, "यंदा मांडत न्हाई." बस्स. मला वाटलं, माझ्यावरचा राग किल्ल्यावर काढताहेत.

पोरं जमली त्या संध्याकाळी ऑफिसात आमचं सॉफ्टवेअरचं रिलीज अडकलं होतं आणि मी कानाला हेडफोन लावून वरच्या खोलीत कॉलवर होते. खिडकी बंद होती. खाली तुम्ही काय सांगितलंत ते मी ऐकलं नाही. नंतर शिर्केकाका, तुमचे मॉलमध्ये चालायला येणारे मित्र, जाताना जरा नाराज दिसले. म्हणाले, सणासुदीला आबांनी पोरांना घाबरवलं. मी म्हटलं, त्यांचं हे नेहमीचंच आहे.

मग तुमची शेवटची संध्याकाळ. भांडणाला निमित्त अगदी फालतू. सईला शाळेत 'एक्सप्लोरर्स'चा धडा होता आणि पोस्टर करायचं होतं. जहाज, झेंडा, छान दाढीवाला कप्तान. मी म्हटलं, हे असलं पोस्टर माझ्या घरातून जाणार नाही. तुम्ही म्हणालात, करू दे की गं, लहान आहे. आणि मी सात-आठ महिन्यांचं सगळं तुमच्यावर ओतलं. म्हटलं, लहान असतानाच तर तुम्ही शिकवता कुणाला शाबासकी द्यायची ते. मला आज उत्तर द्या. तिथे तुमचं चुकलं की नाही?

तुम्ही किती थकलेले दिसत होतात, ते मला आता दिसतं. तुम्ही म्हणालात, "उत्पला, आयुष्यभर मी पोरांना एकच गोष्ट सांगितली. ती पण काढून घेतलीस तर माझ्याजवळ काय राह्यलं?"

"दुसरी शिका," मी म्हटलं आणि जिना चढून वर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही किचनमध्ये पडलात.

मंडळाने शाळेच्या कॅफेटेरियात शोकसभा ठेवली. तुमचा फेट्यातला फोटो, हार, समया. भाषणं झाली, सगळी गडांबद्दल. रणजितला बोलता आलं नाही. मी बोलणार नव्हतेच. तुमच्याबद्दल चांगलं बोलायला उभी राहिले असते आणि मधेच भांडायला लागले असते. मग शिर्केकाका माइकवर आले, डोळे पुसले आणि म्हणाले, आबांची कड्याची गोष्ट आता कोण सांगणार? सई, बाळा, तू सांग. आजोबांच्या आत्म्याला बरं वाटेल.

 सई उठली. माइक तिच्या उंचीला कुणी खाली करून दिला.

"ओके," ती म्हणाली, "सो, तुम्ही सगळे झोपलेले आहात. वर, खडकावर. तुमचं घर आहे तिथे. तुमची मम्मी झोपलीय. थंडी आहे. आणि मागच्या साइडला एक छोटा दगड पडतो. टक्. ऐकलं का?"

 शिर्केकाका हळूच म्हणाले, "अगं बाळा, आपण चढणारे ना? आपण खालून येतो."

"नो काका," सई म्हणाली. "दॅट वॉज द ओल्ड वन. दिवाळीला आजोबांनी ही सांगितली. मी पण सेम विचारलं. मी म्हटलं, आजोबा, तुम्ही कुठे आहात? तर ते म्हणाले, मी खाली आहे. माझ्या हातात दोर आहे. मी नेहमी खालीच होतो, मला चढताच येतं फक्त. पण तू वर आहेस. तुझी आई वर आहे. मी वर आलो की काय करीन, माझा भरवसा न्हाई. म्हणून मी पोचायच्या आधी तू ओरड. जोरात. सगळ्यांना उठव, आणि पहिली तुझ्या आईला उठव."

मग तिने ओरडून दाखवलं. तुम्हीच तिला तसं शिकवलं असणार, छाती भरून, मैदानावर ड्रिलच्या वेळी हुकूम देतात तसं. माइक किंचाळला. पुढच्या रांगेतलं एक तान्हं बाळ रडायला लागलं आणि त्याची आई त्याला घेऊन बाहेर गेली. सई थांबली नाही. परत ओरडली.

कुणीतरी विचारलं, आणि मग? पुढे काय होतं? सई माझ्याकडे बघून म्हणाली, "ते आजोबांनी नाही सांगितलं. ते म्हणाले, पुढचं आईला विचार, ती काही गाळत नाही."

आबा, मी तिथे सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडले. सातारकरांच्या सुनेला शोभेल असं तर मुळीच नाही. रणजितला वाटलं मी तुमच्यासाठी रडतेय. तुमच्यासाठीच रडत होते, पण संतापाने. मला एक वाक्य हवं होतं आणि तुम्ही त्याच्या कितीतरी पुढे गेला होतात. तुमचं चुकलं, एवढंच मी मागत होते. दोर तुमच्या हातात आहे आणि तुमचा भरवसा नाही, हे मी कधी मागितलं नव्हतं. ते मागायची माझी छातीच झाली नसती. आणि ते बोललात कुणाजवळ, तर एका दहा वर्षांच्या पोरीजवळ, मी वर कॉलवर असताना. त्यानंतर इतके दिवस एका टेबलावर जेवलात. मी 'दुसरी शिका' म्हणाले तेव्हाही सांगितलं नाहीत की शिकलोय. मान ताठ ती ताठच.

सांगायचं होतंत की. मी आधी भांडले असते, हे खरं. इतक्या उशिरा का म्हणून भांडले असते. मग आजोबांच्या नडगीचं सांगितलं असतं, आणि तुम्ही युद्धात असंच होतं म्हणाला नसतात, हे आता मला पक्कं ठाऊक आहे. आता ते ठाऊक असण्याचा काय उपयोग?

मला तुम्ही स्वतः उठवायचं होतंत, आबा. मी काही एवढी गाढ झोपत नाही.